माझ्या खालची किटली

मित्रांनो, दिवाणखान्याच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, जी पांढरी तळहाताएवढी डबी दिसते ना, तो मी. मी एक जुना थर्मोस्टॅट. खोली किती गार आणि किती उबदार हे मोजायचं आणि त्याप्रमाणे बॉयलरला 'पेट' किंवा 'थांब' असं सांगायचं, एवढंच माझं काम. काम लहान, पण काळजी मोठी. त्यात मी स्वभावानंच घाबरट. आकडा अर्ध्या अंशानं खाली उतरला की माझ्या पोटात गोळा येतो. खरं तर पोटात माझ्या दोन पेन्सिल सेलांशिवाय काहीच नाही.

कारखान्यात मला एकदा बर्फाच्या पेटीत आणि एकदा गरम पेटीत ठेवून पारखलं होतं. दोन्ही वेळा मी बरोबर आकडा सांगितला, म्हणून माझ्यावर पास झाल्याचा शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. मी कधी चुकणारच नाही, असं मला वाटायचं. पुढं तो अभिमान कसा उतरला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला नाउएल बारिया नावाच्या माणसानं विकत आणलं. जगाच्या पार दक्षिण टोकाला, जिथं जुलैत कडाक्याचा हिवाळा असतो, त्या रिओ ग्रांदे गावात तो टीव्ही जुळवायच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव यानीना. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दिवसरात्र पत्रे वाजवणारा वारा, असा त्यांचा संसार होता.

मला भिंतीवर बसवलं ते ओयार्सो नावाच्या गॅसमिस्त्रीनं. माणूस मोठा नेमाचा. दारालगत नको, वारा लागेल. रेडिएटरवर नको, खिडकीसमोर नको, बाहेरच्या भिंतीवर तर नकोच नको. अर्धा तास घरभर फिरून त्यानं आतली एक कोरी भिंत निवडली. दोन स्क्रू पिळले, पोटात सेल घातले, आणि स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी माझा जोडीदार बसवला. मी हवेतून निरोप धाडायचा आणि जोडीदारानं तो बॉयलरच्या कानात सांगायचा. बॉयलर पेटला की पाणी तापतं, ते भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरांतून फिरतं आणि घर उबदार होतं. सगळं नीट चालतंय असं पाहून ओयार्सोनं हात पुसले आणि नवराबायकोला समोर उभं केलं.

"हे घराचं नाक आहे, नाकाखाली चूल मांडू नका," तो म्हणाला. "ही भिंत अशीच मोकळी राहू द्या."

दोघांनी मान डोलावली. हे गाव मान पटकन डोलावतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली, पण जिवाला घोर होताच. आमच्याकडं गॅस स्वस्त, त्यामुळं लोकांना एक वाईट खोड आहे. घरात उकडलं की माझा आकडा कमी करायचा सोडून खिडकी उघडतात. मग बाहेरचा वारा आत घुसतो, मी घाबरून 'पेट, पेट' म्हणत सुटतो, बिचारा बॉयलर ऊर फुटेस्तोवर धावतो, आणि माणसं मात्र खिडकीत कोपर टेकून गप्पा मारतात. मला वाटायचं, याहून मोठी काळजी ती कोणती असणार? वेडा होतो मी.

तिसऱ्या हिवाळ्यात यानीनाला मुलगी झाली. सातव्याच महिन्यात झाली. दीड महिना ती पोर इस्पितळात काचेच्या पेटीत होती. घरी आणली तेव्हा तिचं वजन दोन किलो आणि वर जेमतेम तीस ग्रॅम. नाव ठेवलं रायेन. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, खोली चोवीस अंशांखाली जाता कामा नये. इतक्या लहान बाळाला थंडी वाजली तर पोटात गेलेलं दूध ऊब धरण्यातच खर्च होतं, अंगी लागत नाही. आल्यागेल्यांचा खोकलाही तिला बाधेल, म्हणून बाळाला आतल्या खोलीतच ठेवा आणि ऊब आत जावी म्हणून दार उघडं ठेवा, असंही ते म्हणाले.

नाउएल माझ्यासमोर आला, बटण दाबून चोवीसचा आकडा लावला आणि हळूच माझ्यावरची धूळ बाहीनं पुसली. एवढ्या वर्षांत मला कुणी पुसलं नव्हतं. माझा जीव तेव्हापासून त्या पोरीत अडकला.

मदतीला नाउएलची आत्या आली, एदेलमिरा आत्या. हाडं काटक, गुडघे मात्र गेलेले, आणि जीभ सुरीसारखी. सारा जन्म तिनं लाकडाच्या चुलीवर काढलेला. मला पाहताक्षणी तिनं माझं बारसं केलं. ती मला साबणाची वडी म्हणू लागली.

"थंडी आहे की नाही ते ही साबणाची वडी सांगणार होय?" ती यानीनाला म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना विचार ना."

आत्यानं सोबत तीन वस्तू आणल्या होत्या. बाळासाठी लोकरीची टोपी, स्वतःसाठी लहानसा रेडिओ आणि विजेची किटली. रेडिओ आतल्या खोलीत खिडकीच्या फळीवर गेला. तिचा भाऊ आबेलार्दो दूर मेंढ्यांच्या कुरणावर एकटा राहायचा. तिथं फोन लागत नसे. दर सोमवारी दुपारी बारा वाजता रेडिओवर लोकांचे निरोप वाचून दाखवत, त्यातच त्याची खुशाली कळायची. आणि किटली? किटली होती मातेसाठी.

माते म्हणजे आमच्याकडचा कडू पाला. तो भोपळ्याच्या वाटीत भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि नळीनं ओढायचा. वाटी एकच, ती सगळ्यांत फिरते. आलेल्या माणसाला माते न देणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखंच, आणि दिलेली वाटी नाकारणं त्याहून वाईट. दर वेळी पाणी तापवायला स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर आत्याचे गुडघे बोंब मारायचे. तिनं दिवाणखान्यात विजेचा बोर्ड शोधला. तो नेमका त्या कोऱ्या भिंतीवर, माझ्या खाली दोन हातांवर निघाला. नाउएल कामावर, यानीना बाळापाशी. आत्यानं एक तिवई ओढली, वर किटली ठेवली आणि प्लग लावला.

मित्रांनो, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. खालून छान ऊब येत होती. तेवीस झाले, चोवीस झाले, पंचवीस झाले. मी खूश होऊन बॉयलरला सांगितलं, 'थांब, पोरीची खोली उबदार झाली.' बॉयलर थांबला.

बाळ पाहायला माणसं येऊ लागली. सकाळी शेजारी, दुपारी कारखान्यातल्या बायका, संध्याकाळी सासरची माहेरची. आत जायला बंदी, म्हणून सगळी माझ्या खाली गोल करून बसायची. किटली पुन्हा पुन्हा तापायची, वाटी फिरायची, वाफ सरळ माझ्या तोंडावर यायची. मी पंचवीसवर. बॉयलर थंड. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणायचं, जरा गारठलंय नाही? मग आत्या म्हणायची, घ्या, अजून एक वाटी घ्या. गारठा वाढला की माते वाढायचं, माते वाढलं की वाफ वाढायची, आणि वाफ वाढली की गारठा. पोरीवर जीव लावणारी ती माणसं पोरीचीच ऊब पीत बसली होती, आणि त्यांना परवानगी मी देत होतो.

पहिल्या गुरुवारी ओफेलिया नर्स वजन करायला आली. काटा दोन किलो वीसवर थांबला. दहा ग्रॅम कमी. पुढच्या गुरुवारी दोन किलो शून्य. नर्सनं बाळाचे पाय हातात धरले आणि तिचा चेहराच उतरला. पाय गार होते. ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी चोवीस दाखवत होतो. आत्यानं तिच्या हातात वाटी दिली, ती खाली बसली, आणि वाफेपाशी बसल्यावर तिलाही वाटलं की खोली काही एवढी वाईट नाही.

"आकडा तर बरोबर आहे," ती म्हणाली, "पण बाळ गार पडतंय, यानीना. पुढच्या गुरुवारी वजन वाढलं नाही तर मला तिला परत इस्पितळात न्यावं लागेल."

 यानीना आत गेली आणि बाळाला छातीशी धरून वर दोन शाली घेऊन बसली. तिच्या पाठीचं कापणं मला उघड्या दारातून दिसत होतं.

तेव्हापासून माझा जीव नुसता टांगणीला लागला. माझ्या तोंडाशी चोवीस आणि समोर बसलेल्या माणसांच्या अंगावर कोट? खिडकीच्या काचेला आतून बर्फ? काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण काय ते कळेना. मी पुन्हा पुन्हा मोजायचो. पुन्हा चोवीस. शिक्का बसलेला मी, खोटं बोलतोय असं कसं म्हणू? आणि म्हणायचं तरी कसं? मला तोंड नाही, नुसता आकडा आहे.

नाउएलनं माझा आकडा वाढवून पंचवीस केला. त्या संध्याकाळी घरी नऊ पाहुणे होते. किटलीनं मला सव्वीसवर नेलं. शेवटी त्यानं ओयार्सोला बोलावलं. आता गंमत ऐका, म्हणजे रडू येईल अशी गंमत. मिस्त्री घरी आला की त्याला काम करतो तिथं जाऊन माते द्यायची आमची रीत आहे. ओयार्सो स्वयंपाकघरात बॉयलर उघडून बसला होता, म्हणून आत्यानं तिवईवरचं सगळं सामान तिकडं नेलं आणि पाणी गॅसवर ठेवलं. माझ्या खाली काही उरलं नाही. थोड्याच वेळात मी अठरावर आलो, जिवाच्या आकांतानं 'पेट' म्हणालो आणि बॉयलर झडझडून पेटला. रेडिएटर तापले. ओयार्सोनं निरोप देणाऱ्या आम्हा दोघांनाही तपासलं, सगळं ठणठणीत आहे म्हणाला, वाऱ्यामुळं कधीकधी ज्योत विझते असं काहीतरी सांगितलं आणि गेला. तो कोपऱ्यावर वळला नसेल, तोच किटली परत माझ्या खाली आली.

आत्या रोज कुरकुरायची, माझे गुडघे ठणकतायत, घरात थंडी आहे. नाउएल माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचा, आत्या, पंचवीस आहेत, तुझं वय झालंय. म्हातारीचे गुडघे खरं बोलत होते आणि मला साक्षीला धरून सगळे तिला गप्प करत होते. मला त्या वेळी भिंतीवरून खाली उडी मारावीशी वाटली.

सोमवार उजाडला. गुरुवारला तीन दिवस उरले होते. बाहेर असा वारा सुटला होता की माणूस उभा राहीना. नाउएल कामावर गेला होता. आणि त्यातच माझे सेल संपत आले. सेलाचं चित्र चार दिवसांपासून माझ्या कोपऱ्यात लुकलुकत होतं, पण बाळाच्या धास्तीत ते कुणाला दिसणार? बाराला पाच मिनिटं कमी असताना माझा आकडा विझला. विझता विझता मनात एकच आलं, आता बॉयलरला 'पेट' म्हणायला कुणी उरलं नाही, आणि पोर आत आहे.

पुढचं थोडं मला नंतर ऐकून कळलं. स्वयंपाकघरात जोडीदाराचा लाल दिवा लागला. आत्यानं तो पाहिला. दुकान चार गल्ल्या पलीकडं, आणि त्या वाऱ्यात तिचे गुडघे. यानीना पहाटेपासून जागून बाळाला छातीवर घेऊन तशीच झोपली होती. आत्यानं मला भिंतीवरून ओढून काढलं, आत नेलं आणि खिडकीच्या फळीवरचा रेडिओ उचलला. निरोपांची वेळ झाली होती. निवेदकानं दोन नावं वाचलीसुद्धा. आत्यानं एकदा रेडिओकडं पाहिलं, मग मागचं झाकण उघडून दोन्ही सेल काढले. आवाज मध्येच तुटला. ते सेल तिनं माझ्या पोटात घातले.

मला जाग आली तेव्हा मी पाळण्याच्या कडेला, एका घडी घातलेल्या शालीवर होतो. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. आत्यानं ते यानीनाच्या छातीवरून अलगद उचललं आणि खांद्यावर घेऊन फेऱ्या घालू लागली. पंधरा-वीस मिनिटं मी तिथं एकटाच होतो. सेल बदलले की जोडीदाराशी माझी गाठ पुन्हा पडायला वेळ लागतो, त्यामुळं माझं 'पेट' अजून बॉयलरला पोचत नव्हतं. पहिल्यांदाच मी पोरीच्या खोलीतली हवा मोजत होतो. आणि मित्रांनो, आकडा खाली घसरत चालला होता. बावीस. वीस. अठरा. सतरा. मी सतरावर थांबलो. इतके दिवस मी जिला चोवीस म्हणत होतो, ती पोर सतरा अंशांत निजत होती.

बाळाला पाळण्यात ठेवायला आत्या वाकली आणि तिला माझा आकडा दिसला. ती तशीच वाकलेली राहिली.

"तिथं चोवीस म्हणतोस," ती मला म्हणाली, "आणि इथं सतरा?"

तिनं मला उचलून परत भिंतीवर अडकवलं आणि समोर खुर्ची घेऊन बसली. खाली किटली गुरगुरत होती. अठरा. वीस. तेवीस. आत्या डोळ्याची पापणी न लववता पाहत होती. मग तिनं हात लांब करून प्लग उपसला आणि किटली उचलून मांडीवर घेतली. आता मी उतरू लागलो. बावीस. वीस. अठरा. तेवढ्यात जोडीदाराशी माझी गाठ पडली आणि स्वयंपाकघरात बॉयलर धडाडून पेटला. तो आवाज ऐकून यानीना जागी झाली आणि धडपडत बाहेर आली. तिला वाटलं, बाळाचंच काहीतरी झालं.

"पोरी, बॉयलर बिघडला नव्हता," आत्या म्हणाली. किटली अजून तिच्या मांडीवर होती. "मी गारठवत होते तिला. रोज. येईल त्याला पाजून पाजून."

यानीनानं भिंतीकडं, तिवईकडं, किटलीकडं पाहिलं. मला भीती वाटली की ती आता वाटेल ते बोलेल. बोलली असती तरी कोण तिला दोष देणार होतं? पण ती खाली बसली आणि आत्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, तुमचे गुडघे सांगत होते, आम्हीच ऐकलं नाही.

खरं सांगू, त्या दोघींपेक्षा मला जास्त लाज वाटली. मी खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या नाकासमोरची हवा म्हणजेच सारं घर, असं मी धरून चाललो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं माझं झालं होतं. शिक्का होता, अक्कल नव्हती.

तिवई त्याच दुपारी हलली. मातेची बैठक स्वयंपाकघरात गेली. तिथं जागा नव्हती, पाहुणे उभ्यानं प्यायचे, आणि कुणी कुरकुरलं तर आत्या त्याला दार दाखवायची. तीन दिवस बॉयलर हवा तेव्हा पेटत राहिला. मी रोज दोनदा पाळण्याशी जाऊन यायचो. आत्याचा आता भिंतीवर विश्वास नव्हता.

गुरुवारी ओफेलिया आली. तिनं काटा मांडला आणि बाळाला ठेवलं.  दोन किलो सत्तर. नर्सनं पुन्हा एकदा उचलून ठेवलं. दोन किलो सत्तर. तिनं बाळाचे पाय धरले आणि हसली. आबेलार्दोनं त्या सोमवारी काय निरोप धाडला होता, ते मात्र आत्याला कळलं नाही. पुढच्या सोमवारी त्याचा निरोप आला, पण तो नवा होता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, पडद्यावरची एक रेघ उमटत नाही, त्यामुळं माझा आठ कधीकधी सहासारखा दिसतो. ओयार्सो म्हणतो, आता फोनवरून चालणारे नवे आले आहेत, याला काढून टाका. ते ऐकलं की माझ्या पोटात पुन्हा गोळा येतो. माझ्या खालची भिंत अजून कोरी आहे. तिथं फक्त रायेनच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. परवाची खूण माझ्या अगदी जवळ आली.

आत्या आता आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली आहे. पाळणा होता तिथंच तिची खाट आहे. रायेन शाळेतून आली की दप्तर टाकते, मला भिंतीवरून काढते आणि आत्याच्या उशाशी नेऊन ठेवते. मग दोघी वाट पाहत बसतात.

"काय म्हणतेय साबणाची वडी?" आत्या विचारते.

"एकोणीस. आणि गुडघे?"

"गुडघे म्हणतात, सोळा."

रायेन हसते आणि माझा आकडा दोननं वाढवते. माझ्यापेक्षा ती गुडघ्यांचं जास्त ऐकते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मी नसेन. पण माझ्यासारखं काहीतरी आकडे सांगणारं असेलच. त्याला जपा, त्याचे सेल वेळेवर बदला. पण घरात कुणी म्हातारं, आजारी, तान्हं असेल तर नुसतं भिंतीला विचारून थांबू नका. उठा, त्यांच्यापाशी जा, त्यांचे पाय हातात धरून बघा.

गेल्या सोमवारी मी आत्याच्या उशाशी असताना माझ्या कोपऱ्यात ते सेलाचं चित्र पुन्हा लुकलुकलं. बारा वाजले होते. वाऱ्यामुळं शाळेला सुट्टी होती. रायेननं पाहिलं. आत्यानंही पाहिलं. फळीवरच्या रेडिओत नुकतीच नावं सुरू झाली होती. आत्यानं हात रेडिओकडं नेला आणि त्याचं झाकण चाचपू लागली.

रायेननं तो हात धरून पांघरुणात घातला. दप्तराच्या आतल्या कप्प्यातून तिनं दोन नवे सेल काढले. कधीपासून सांभाळून ठेवले होते, कोण जाणे.

"तू आबेलार्दोआजोबांचं ऐक," ती म्हणाली. "याचं मी बघते."